घरफाळा शोधणाऱ्याला मालमत्ता कर सापडला पाहिजे

कोल्हापुरात घरफाळा भरतात. पुण्यात त्यालाच मिळकतकर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर, आणि गावाकडे ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी येते. कर एकाच जातीचा, नावे चार. खिडकीवर बसलेल्या कारकुनाला कुणी 'घरपट्टीत सूट कधीपर्यंत आहे?' असे विचारले, तर तो क्षणभरही अडत नाही. घरफाळ्याची तारीख सांगून मोकळा होतो. संकेतस्थळाची शोधपेटी मात्र अडते. तिच्या लेखी 'घरपट्टी' ही अक्षरांची एक माळ आणि 'घरफाळा' ही दुसरी. माळ जुळली नाही की 'माहिती आढळली नाही'. माहिती असते, दोन पाने पलीकडेच असते. शोधणारा ती नाहीच असे समजून रजा टाकतो आणि कचेरीत येऊन रांगेत उभा राहतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधल्या कलम ४ ची चर्चा होते ती बहुतेक वेळा आपणहून जाहीर करायच्या १७ बाबींपुरती. त्या बाबींच्या आधीचे पोटकलम फारसे कुणी वाचत नाही. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख अशा रीतीने सूचीबद्ध करावेत की माहिती मिळवणे सुकर होईल, असे ते सांगते. कायदा झाला तेव्हा सूची म्हणजे कपाटातले रजिस्टर. आज सूची म्हणजे शोधपेटी. लोकांच्या तोंडचा शब्द टाकल्यावर ती रिकामी परत येत असेल, तर सूची अपुरी आहे असेच मानले पाहिजे. शोध कसा चालतो हा त्यामुळे संगणक विभागाच्या सोयीपुरता प्रश्न राहत नाही.

अर्थाधारित शोध, म्हणजे सिमँटिक सर्च, ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, बाजार समिती, ग्रंथालय, ज्यांचे ज्यांचे काही हजार मराठी कागद संकेतस्थळावर आहेत त्या सगळ्यांनी तो घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. पण 'एआय सर्च' या नावाखाली जी तयार उत्पादने विकायला येतात ती आहेत तशी बसवली, तर लोकांचे आधीपेक्षा जास्त नुकसान होईल, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. रिकामी शोधपेटी निदान चुकीचा कागद हातात देत नव्हती.

आधी जुन्या शब्दशोधाला त्याचे श्रेय देऊ. त्याच्या पोटात उलटी अनुक्रमणिका असते: प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या कागदात आहे त्यांचे क्रमांक. कोणता कागद वर यावा हे ठरवताना दुर्मिळ शब्दाला जास्त वजन द्यायचे, ही कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. तिच्यावर उभे राहिलेले, कागदांना गुण देणारे बीएम२५ हे सूत्र लंडनच्या सिटी विद्यापीठात १९९० च्या दशकात घडले, आणि इलास्टिकसर्च किंवा सोलर ही तयार शोधप्रणाली बसवली की आजही तेच चालू असते. एवढी वर्षे ते टिकले ते गुणावर. गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, शासन निर्णयाचा क्रमांक, निविदा क्रमांक, माणसाचे आडनाव, हे शोधायला त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही.

मराठीत तो लंगडतो त्याचे कारण आपल्या भाषेच्या ठेवणीत आहे. इलास्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तयार ॲनालायझर, म्हणजे शब्द सुटे करून त्यांचे मूळ रूप काढणारी साधने, आहेत, मराठीसाठी नाही. मग लिपी एकच म्हणून हिंदीचा लावून दिला जातो. त्याला 'च्या', 'मध्ये', 'साठी', 'पासून' ही शेपटे ओळखता येत नाहीत. उलट हिंदीत 'कर' हा 'करून' या अर्थाचा किरकोळ शब्द असल्यामुळे तो वगळायच्या यादीत पडतो, आणि 'मालमत्ता कर' मधला करच शोधाआधी गळून जातो. सामान्यरूप ही त्याहून मोठी अडचण. कोल्हापूर जिल्ह्यात रोज कानावर पडणारे तीन शब्द घ्या: ऊस, गूळ, पूर. 'ऊस' चे 'उसाला' होते, 'गूळ' चे 'गुळाचा', 'पूर' चे 'पुरात'. प्रत्यय शेवटी लागतो, पण दीर्घ उकार ऱ्हस्व होऊन बदल शब्दाच्या सुरुवातीला होतो. शेपूट तोडून मूळ शोधणारा साधा नियम इथे फसतो. त्यावर तोड म्हणून शब्दाची सुरुवात जुळली तरी चालेल असे ठेवले, तर 'पुरात घर पडले' असे शोधणाऱ्यासमोर पुरातत्त्व विभाग येतो. सुरुवात आणखी आखूड केली की पुरवठा शाखा, पुरस्कार आणि पुरावे. शब्दात कुठेही जुळले तरी चालेल म्हटले, तर 'पूर' साठी ज्यात ज्यात कोल्हापूर हा शब्द आहे तो प्रत्येक कागद हजर.

अर्थाधारित शोध मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचे काही शे आकड्यांच्या ओळीत रूपांतर करतो. या ओळीला एम्बेडिंग म्हणतात. प्रचंड मजकूर वाचून तयार झालेले मॉडेल हे आकडे असे बसवते की सारख्या अर्थाची वाक्ये एकमेकांजवळ येतात. विचारलेल्या प्रश्नाचीही तशीच ओळ करायची आणि तिच्या सर्वांत जवळचे तुकडे दाखवायचे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या माणसाला हवे होते ते 'पुरात भिंत पडली, पैसे किती मिळतात' याचे उत्तर. सरकारी कागदाचे शीर्षक असते ते 'नैसर्गिक आपत्तीत आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या अर्थसाहाय्याचे दर व निकष' या धाटणीचे. दोन्हींत एकही शब्द सामाईक नाही. चांगले मॉडेल ही दोन वाक्ये शेजारी आणून ठेवते. कचेरीची मराठी आणि घरातली मराठी यांच्यातली दरी आपल्याकडे फार खोल आहे, आणि ती एवढ्या कमी खर्चात ओलांडून देणारे साधन आजवर नव्हते. माझा आग्रह याच कारणासाठी आहे.

आता दोष. 'पात्र लाभार्थ्यांची यादी' आणि 'अपात्र लाभार्थ्यांची यादी' या दोन ओळींची आकड्यांतली जागा अगदी लगतची असते. विषय एक, शब्द तेच, पुढे फक्त एक 'अ'. अर्जदाराचे सगळे काही त्या 'अ' मध्ये आले. गट नंबर २१४ आणि गट नंबर २४१ यांतही मॉडेलला फारसे अंतर दिसत नाही; त्याला दोन्ही 'जमिनीचा कुठलासा नंबर' वाटतात. शिरोळ हा तालुका आणि शिरोली हे हातकणंगले तालुक्यातले गाव, पण नावांच्या तुकड्यांत साम्य असल्यामुळे निकालांत ती एकमेकांत मिसळू शकतात. स्थानिक अर्थांचा तर मॉडेलला पत्ताच नसतो. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. जगभरच्या मजकुरावर शिकलेल्या मॉडेलसाठी सीपीआर म्हणजे छाती दाबून बंद पडलेले हृदय चालू करणे. 'सीपीआरची ओपीडी किती वाजता' या प्रश्नाला प्रथमोपचाराचे पत्रक वर येऊ शकते ते यामुळे. गोकुळ म्हटले की इथल्या शेतकऱ्याला दूध संघ आठवतो, मॉडेलला कृष्ण. चपलेला पायताण म्हणतात, ऊस तुटल्यावर त्याच बुंध्यातून घेतलेल्या पिकाला खोडवा, गुळाच्या ढेपेला रवा. असे शब्द मॉडेलने वाचलेल्या मजकुरात तुरळक असतात किंवा दुसऱ्याच अर्थाने येतात. 'रव्याचा दर' विचारणाऱ्या गुऱ्हाळवाल्याला उपम्याच्या रव्याकडे नेले, तर त्याचा शोधपेटीवरचा विश्वास एका फटक्यात जातो.

सर्वांत धोकादायक दोष मात्र हा: अर्थाधारित शोध कधीच रिकाम्या हाताने परत येत नाही. सर्वांत जवळचे दहा तुकडे तो देतोच, मग ते हाताच्या अंतरावर असोत की कोसभर लांब. यावर उपाय म्हणून साम्याची किमान मर्यादा ठेवतात, आणि तिथे हमखास चूक होते. मल्टिलिंग्वल ई-फाइव्ह या मोकळ्या, म्हणजे कुणालाही उतरवून वापरता येणाऱ्या, मॉडेल-कुटुंबात साम्याचे आकडे साधारण ०.७ ते १ च्या मध्येच एकवटतात. कुणी '०.५ म्हणजे निम्मे साम्य' असे समजून ती मर्यादा लावली, तर काहीच गाळले जात नाही. मर्यादा आपल्याच प्रश्नांवर बघून ठरवावी लागते: ज्यांचे उत्तर संकेतस्थळावर नाही हे पक्के ठाऊक आहे असे ५० प्रश्न मुद्दाम टाकायचे, त्यांच्या पहिल्या निकालाला काय आकडा मिळतो ते टिपायचे आणि रेघ त्याच्या वर मारायची. निकाल त्या रेघेखाली राहिला तर 'याबद्दल कागद सापडला नाही' असे लिहून संबंधित विभागाचा दूरध्वनी द्यायचा.

म्हणून दोन्ही शोध शेजारी शेजारी चालवावेत आणि त्यांचे निकाल एकत्र करावेत. एकत्र करताना दोघांच्या गुणांची बेरीज करू नये. बीएम२५ चे गुण एखाद्या प्रश्नाला ४ तर दुसऱ्याला ३० असे कुठेही जातात, एम्बेडिंगचे १ च्या आत राहतात. बेरीज केली की पहिला दुसऱ्याला गिळतो. गुण सोडून क्रम घ्यावा. २००९ मध्ये मांडलेली रेसिप्रोकल रँक फ्यूजन ही पद्धत यासाठी पुरते, आणि ती कागदावर करून बघता येते. प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवा, १ ला त्या संख्येने भागा, दोन्ही याद्यांतले भागाकार मिळवा. शब्दशोधात पहिला आणि अर्थशोधात आठवा आलेल्या कागदाला १/६१ अधिक १/६८, म्हणजे ०.०३११ मिळतात. एकीकडे तिसरा आणि दुसरीकडे चौथा आलेल्याला १/६३ अधिक १/६४, म्हणजे ०.०३१५. दोन्हीकडून बरा ठरलेला कागद एकाच्याच लाडक्या कागदाच्या पुढे सरकतो. शब्दशोधाला काहीच सापडले नाही, तर अर्थशोधाची यादी एकटी चालते. 'घरपट्टी' चा प्रश्न तिथे सुटतो. एक अपवाद पक्का ठेवावा. प्रश्नात गट नंबर, निर्णयाचा क्रमांक किंवा मिळकतीचा क्रमांक असेल, तर शब्दशोधाचा तंतोतंत जुळलेला कागद बाकी काही न बघता पहिला आला पाहिजे. अंक ओळखायला चार ओळींचा नियम पुरतो, त्याला मॉडेल लागत नाही.

एवढे वाचून कुणी उद्याच सर्व्हरवर मॉडेल चढवायला निघाले असेल, तर त्याने आधी आपल्या पीडीएफ उघडून बघाव्यात. निम्मे काम तिथे आहे. मराठी पीडीएफ तीन प्रकारे बिघडलेल्या असतात. पहिला प्रकार स्कॅनचा. पान म्हणजे नुसता फोटो, आत अक्षर नाही. दुसरा जुन्या फॉन्टचा. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांच्या काळात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले होते. डोळ्यांना मराठी दिसते, पण मजकूर बाहेर काढला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा चिखल मिळतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. टाइप युनिकोडमध्येच केलेले असते, पण पीडीएफ बनताना आकार आणि अक्षर यांचा आतला नकाशा बिघडतो. अशा कागदावर 'शासन निर्णय' असे स्वच्छ छापलेले दिसते आणि ते कॉपी करून दुसरीकडे चिकटवले की 'शासन ननर्णय' होते. पहिली वेलांटी 'न' होऊन बसलेली असते. शब्दशोधाला 'निर्णय' सापडत नाही, मॉडेलला 'ननर्णय' कळत नाही, तरी एम्बेडिंग बिनतक्रार तयार होते. चूक कुठल्याही अहवालात दिसत नाही. कागद तेवढा हजारोंच्या गर्दीत हरवतो.

तपासणी अवघड नाही. प्रत्येक पानाचा मजकूर काढून त्यात देवनागरी अक्षरे किती ते मोजावे. पानावर मराठी दिसते आणि देवनागरी अक्षरे निम्म्याहूनही कमी, तर ते पान पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचे. तिसऱ्यासाठी 'निर्णय', 'विभाग', 'दिनांक', 'अधिनियम', 'निविदा' असे वेलांटीवाले नेहमीचे शब्द मोजावेत. लांबलचक सरकारी कागदात यांतला एकही नसेल तर नकाशा बिघडलाय. जुन्या फॉन्टला त्या त्या फॉन्टचे रूपांतर लागते, सगळ्यांना एकच चालत नाही. बाकी दोन्ही प्रकारांत मजकुराचा नाद सोडून पानाची ३०० डीपीआयची प्रतिमा करावी आणि तिच्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे साधन, चालवावे. टेसरॅक्ट या मोफत साधनात मराठीचा संच आहे. ओसीआर 'घ' ला 'ध' आणि 'भ' ला 'म' करते, आकड्यांतही घसरते, म्हणून दर दहा पानांतले एक तरी माणसाने मुळाशी ताडून बघावे. रकमांचे तक्ते तर सगळेच बघावेत.

त्यानंतर अक्षरांची शिस्त. 'ॲप' हा शब्द दिसायला एकच, पण त्यातले पहिले अक्षर एकसंध 'ॲ' असू शकते किंवा 'अ' वर वेगळा चंद्र दिलेला असू शकतो. 'अधिकाऱ्यांची' मधला आडवा रफार दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक 'ऱ' वापरून, दुसरा साध्या 'र' ला अदृश्य जोडचिन्ह लावून. युनिकोडचे ठरलेले सामान्यीकरण हे दोन्ही भेद मिटवत नाही, त्यांचे नियम आपणच लिहावे लागतात. देवनागरी आणि इंग्रजी अंक एक करावेत. शब्दशोधाच्या अनुक्रमणिकेत ऱ्हस्व-दीर्घ भेद सरळ मिटवावा. त्याने लोकांच्या वेलांटीच्या चुका पोटात घेतल्या जातातच, शिवाय 'गूळ' चा 'गुळ' झाल्यामुळे 'गुळाचा' शी नाते जुळते, 'विहीर' चे 'विहिरीत' शी. 'पाऊस' आणि 'पावसात', 'पाणी' आणि 'पाण्याचा' यांना मात्र छोटा तक्ताच करावा लागतो. हा मिटवलेला मजकूर मॉडेलला कधीही देऊ नये. ते नेहमीच्या शुद्धलेखनावर शिकलेले असते. ग्रंथालयांना आणखी एक पायरी आहे. १९६२ च्या लेखननियमांच्या आधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'घरें' असे अनुस्वार सर्रास आहेत, आणि १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेचे वय बघितले तर असा मजकूर थोडाथोडका निघणार नाही.

मजकूर स्वच्छ झाला की त्याचे तुकडे. ई-फाइव्हची मर्यादा ५१२ टोकनांची, म्हणजे मॉडेल वाचते त्या शब्दांच्या तुकड्यांची, आहे आणि त्यापुढचा मजकूर ते न सांगता टाकून देते. मराठी शब्द प्रत्ययांमुळे फुटतो. एका शब्दाची सरासरी दोन टोकने धरावीत आणि तुकडा २०० शब्दांच्या आत ठेवावा, लगतच्या तुकड्यात ३०-४० शब्द पुन्हा घ्यावेत. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर कागदाचे शीर्षक, विभाग आणि दिनांक चिकटवावा, नाहीतर 'वरील अट क्र. ३ शिथिल करण्यात येत आहे' असा तुकडा कशाबद्दल आहे हे कुणालाच कळणार नाही. याच मॉडेलला प्रश्नाआधी 'क्वेरी' आणि मजकुराआधी 'पॅसेज' असा इंग्रजी शब्द आणि अपूर्णविराम (:) द्यावा लागतो. ते विसरले तरी सगळे चालू दिसते, फक्त निकाल खालावतात. पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठीसाठी खास वाक्य-मॉडेल मोकळी केली आहेत, बीजीई-एम३ हे दुसरे मोकळे मॉडेल लांब मजकूर घेते. कोणते चांगले हे आपल्या कागदांवर लावून ठरवावे, जाहिरातीवरून ठरवू नये.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलू, कारण इथेच लोकांच्या पैशाला भोक पडते. समजा ४,००० कागद आहेत आणि प्रत्येकाचे सरासरी सहा तुकडे. झाले २४,०००. प्रत्येकाला ७६८ आकडे, प्रत्येक आकड्याला ४ बाइट. सगळे मिळून सुमारे ७४ एमबी. मोबाइलमधला एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो. एवढ्या तुकड्यांशी प्रश्नाची तुलना एकेक करून केली तरी साधा सर्व्हर काही मिलिसेकंदांत उरकतो. त्यासाठी एम्बेडिंग साठवणारा वेगळा व्हेक्टर डेटाबेस, महिन्याच्या भाड्याची सेवा किंवा ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस आणि त्याचा पीजीव्हेक्टर हा मोफत जोड पुरतो. ई-फाइव्हचा मधला आकार स्मृतीत सव्वा जीबीच्या आत बसतो, म्हणजे ८ जीबीचे यंत्र भागवते. लाखो तुकडे असतील तर गोष्ट वेगळी, पण तालुक्याच्या ठिकाणच्या नगरपालिकेला कुणी लाखोंची यंत्रणा सुचवत असेल, तर हा गुणाकार त्याच्यासमोर करून दाखवावा.

आपल्याच यंत्रावर मॉडेल चालवण्याला खर्चापलीकडचेही कारण आहे. लोक शोधपेटीत काय टाकतात ते बघा: आजाराचे नाव, जातीच्या दाखल्याची अडचण, थकबाकी, कधी थेट स्वतःचा मोबाइल नंबर. प्रत्येक प्रश्न बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरकडे एम्बेडिंगसाठी पाठवायचा, हे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तरी कुठल्या सार्वजनिक संस्थेने सहज पत्करू नये.

मोबाइलवर निम्मे लोक मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात असे धरूनच चालावे. 'घरफाळा' तिथे चार-पाच स्पेलिंगांनी येतो, शेवटी एक 'ए' किंवा दोन, मध्ये 'एफ' किंवा 'पीएच'. मॉडेलवर हे सोडले तर निकाल लहरी येतात. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाने लिप्यंतराचे मोकळे मॉडेल दिले आहे. प्रश्न रोमन दिसला की त्याची तीन संभाव्य देवनागरी रूपे काढावीत आणि तिन्ही शोधावीत.

रद्द झालेल्या परिपत्रकांची अडचण मॉडेल कधीच सोडवणार नाही. २०१६ चे परिपत्रक आणि त्याला अधिक्रमित करणारे २०२१ चे, दोन्हींचा विषय एकच, त्यामुळे दोन्ही सारखीच जवळ. जुने जास्त सविस्तर असेल तर तेच वर येईल, आणि माणूस रद्द झालेल्या दराने हिशेब करून येईल. प्रत्येक कागदाला 'लागू', 'सुधारित', 'रद्द' अशी खूण आणि कोणी कोणाला रद्द केले याचा दुवा हवा. ही खूण लावायला त्या विभागातला जुना, जाणता माणूस लागतो. यासाठी दोन महिने द्यावे लागले तर द्यावेत. मॉडेल निवडण्यात घातलेल्या दोन महिन्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील.

काही जाणकार विचारतात, समानार्थी शब्दांची यादी केली की भागते, मग एम्बेडिंग कशाला? घरफाळा-घरपट्टीपुरते भागतेही. पण 'वडील वारले, सातबाऱ्यावर नाव कसे लावायचे' हे 'वारस नोंद' पर्यंत कुठल्या यादीने न्यायचे? लोक शब्द विचारत नाहीत, अडचण सांगतात. आणि उलट बाजूने, यादीशिवाय नुसते मॉडेल सीपीआरवर घसरते. दोन्ही लागतात. यादी प्रश्न मॉडेलकडे जाण्याआधी लावायची: 'सीपीआर' दिसले की पुढे 'छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय' जोडायचे, 'पायताण' पुढे 'कोल्हापुरी चप्पल', 'केएमटी' पुढे 'महापालिका परिवहन, शहर बस'.

दुसरी मागणी चॅटबॉटची असते: कागद दाखवू नका, सरळ उत्तर द्या. शोध चाचणीत उतरण्याआधी सार्वजनिक कचेरीने हे करू नये, असे मला मनापासून वाटते. उत्तर लिहिणारे मॉडेल वर आलेल्या तुकड्यांवरच लिहिते. वर 'अपात्र' चा किंवा रद्द झालेला कागद आला, तर तेच गोड मराठीत नागरिकाला सांगितले जाईल, आणि पुरावा म्हणून हातात काहीच नसेल. कागद, पान क्रमांक आणि त्यातल्या जुळलेल्या चार ओळी दाखवणे सध्या जास्त प्रामाणिक आहे.

चाचणी कशी? शोधाच्या तीन महिन्यांच्या नोंदींतून मोबाइल आणि मिळकत क्रमांक पुसून २०० खरे प्रश्न काढावेत: शंभर वारंवार येणारे, शंभर रिकामे परतलेले. प्रत्येकाला योग्य कागद कोणता हे घरफाळा, पाणीपुरवठा, जन्म-मृत्यू नोंदणी इथल्या कर्मचाऱ्यांकडून लिहून घ्यावे. मग एकच आकडा मोजायचा: २०० पैकी किती प्रश्नांना पहिल्या पाचांत योग्य कागद आला. आधी जुन्या शोधाचा मोजावा, मग नव्याचा, मग दोघांच्या जोडीचा. जोडी जुन्याहून ठळकपणे वर नसेल तर बिल देऊ नये. मॉडेल बदलले तर सगळे तुकडे नव्याने एम्बेड करावे लागतात, जुने-नवे आकडे एकत्र चालत नाहीत. त्या वेळी हीच २०० प्रश्नांची वही पुन्हा काढायची.

निविदेत या गोष्टी लिहून घ्याव्या लागतील: पीडीएफची दुरुस्ती, अक्षरांचे नियम, २०० प्रश्नांवरचा आकडा, आणि कंत्राट संपल्यावर स्वच्छ मजकूर, एम्बेडिंग व शब्दसूची संस्थेच्या ताब्यात. शब्दसूची तर गुप्त ठेवण्याचे काहीच कारण नाही. सुरुवातीला ३०० नोंदी पुरेत, साध्या तक्त्यात, चार रकाने: लोकांचा शब्द, कचेरीचा शब्द, कुठे बोलला जातो, कोणी तपासला. गडहिंग्लज, इचलकरंजी, कागल यांना तीच फाइल उचलून आपले शब्द घालता यावेत. शिवाजी विद्यापीठात मराठी आणि संगणकशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत. चंदगड-आजऱ्याकडचे शब्द गोळा करणे हा त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी एका सत्राचा चांगला प्रकल्प होईल. बाकीचे शब्द खिडकीवर रोज ऐकू येतात. दर शुक्रवारी अर्धा तास, त्या आठवड्यात रिकाम्या परतलेल्या शोधांची छापील यादी आणि तिच्यासमोर खिडकीवरचा कारकून, एवढी बैठक लावली तरी सूची वाढत जाईल.